रस्त्यांची आकृती : काय ठेवावे, काय सोडावे
(द्वितीय वर्ष कला)

नकाशा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर ॲटलासचे पान उभे राहते. त्यात नद्या, डोंगर, सीमा आणि वाकडेतिकडे रस्ते असतात. परंतु मुंबईच्या लोकलमध्ये किंवा पुणे-नागपूरच्या मेट्रोत लावलेली मार्गाची पट्टी पाहावी. तोही एक नकाशाच आहे. मात्र त्यातील एकही वळण खरे नसते. रेषा सरळ असतात आणि स्थानके सारख्या अंतरावर मांडलेली असतात. असे असूनही प्रवासी चुकत नाही. हीच पद्धत रस्त्यांच्या जाळ्याला लावता येईल काय, आणि लावली तर कोणती दक्षता घ्यावी लागेल, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

या पद्धतीच्या संदर्भात प्रथम हॅरी बेक यांचे नाव घ्यावे लागते. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या सिग्नल विभागात ते आरेखक म्हणून काम करीत. १९३१ साली त्यांनी स्वतःहून त्या रेल्वेची एक नवी आकृती काढली. त्यापूर्वीचे नकाशे खऱ्या भूगोलाला धरून होते. त्यामुळे शहराच्या मध्यभागी स्थानकांची नावे एकमेकांवर चढत, तर उपनगरांत कागद रिकामा राही. बेक यांनी सर्व रेषा आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत आणल्या, मध्यभाग मोठा केला आणि बाहेरचा भाग आखडून घेतला. जमिनीवरच्या खुणांपैकी त्यांनी फक्त थेम्स नदी ठेवली. ही कल्पना अधिकाऱ्यांना प्रथम फारच धाडसी वाटली व त्यांनी ती नाकारली. पुढे जानेवारी १९३३ मध्ये तिची खिशात मावणारी आवृत्ती निघाली आणि ती लोकांना एकदम पसंत पडली.

तिच्या यशाचे कारण साधे आहे. भुयारातल्या प्रवाशाला तीनच गोष्टी हव्या असतात : कोठे चढायचे, कोठे गाडी बदलायची आणि कोठे उतरायचे. या तिन्ही गोष्टी जोडणीच्या आहेत, लांबीच्या नाहीत. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने केनिग्सबर्ग शहरातील सात पुलांचे कोडे सोडविले, तेव्हा त्यानेही पुलांची लांबी मोजली नाही. कोणता भूभाग कोणत्या भूभागाला जोडला आहे, एवढेच त्याने पाहिले. याच विचारातून पुढे टोपॉलॉजी ही गणिताची शाखा वाढली. रबराचा तुकडा ताणला तरी त्यावरील गाठींचा क्रम बदलत नाही. बेक यांची आकृती म्हणजे असा ताणलेला नकाशाच होय.

आता रस्त्यांकडे वळू. मी महाराष्ट्रातील काही राष्ट्रीय महामार्ग घेऊन अशी आकृती काढून पाहिली. साहित्य म्हणजे आलेखाचा कागद, पट्टी, कंपासपेटीतील ४५ अंशांचा गुण्या आणि रंगीत स्केचपेन, एवढेच. कृती अशी :

प्रथम रस्ते निवडावेत. सगळेच रस्ते घेतले तर पुन्हा ॲटलासच तयार होतो. मी सहा घेतले : क्र. ४८ (मुंबई–पुणे–सातारा–कोल्हापूर), क्र. ५३ (धुळे–जळगाव–अकोला–अमरावती–नागपूर), क्र. ५२ (धुळे–छत्रपती संभाजीनगर–बीड–सोलापूर), क्र. ६० (धुळे–मालेगाव–नाशिक–पुणे), क्र. ६५ (पुणे–इंदापूर–सोलापूर) आणि क्र. ६६ (पनवेल–महाड–चिपळूण–गोवा). प्रत्येकाला एक रंग दिला.

दुसरी पायरी रेषेची दिशा ठरविण्याची. येथे महामार्गांचे क्रमांकच मदतीला येतात. २०१० साली आपल्याकडे नवी क्रमांकपद्धती आली. तिच्यानुसार उत्तर-दक्षिण महामार्गांना सम क्रमांक असून ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम महामार्गांना विषम क्रमांक असून ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. तीन आकडी क्रमांक शाखांचे असतात. म्हणजे साधारणपणे सम क्रमांकाची रेषा उभी आणि विषम क्रमांकाची आडवी काढावी. जेथे ते जुळत नाही, तेथे ४५ अंशांची तिरपी रेषा घ्यावी. अमेरिकेतील आंतरराज्य महामार्गांचे क्रमांक नेमके उलट आहेत : तेथे सम पूर्व-पश्चिम आणि विषम उत्तर-दक्षिण.

तिसरी पायरी म्हणजे जेथे रस्ते मिळतात, ती ठिकाणे आधी मांडणे. धुळे, पुणे, सोलापूर व पनवेल येथे मोठे गोल काढले. मधली गावे त्यानंतर सारख्या अंतरावर बसविली. आकृती पूर्ण झाली तेव्हा एक गोष्ट प्रथमच माझ्या लक्षात आली. धुळे–नाशिक–पुणे–सोलापूर–छत्रपती संभाजीनगर आणि परत धुळे, असे एक बंद कडे क्र. ६०, ६५ आणि ५२ या तीनच रस्त्यांनी तयार होते. ॲटलासमध्ये हे रस्ते मी अनेकदा पाहिले होते, पण हे कडे कधी दिसले नव्हते. आकृतीचा हा गुण मान्य केलाच पाहिजे.

मोठ्या समाधानाने ती आकृती मी घरी अण्णांना दाखविली. माझे वडील मालट्रक चालवितात. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. ॲटलासचे पान त्यांच्यापुढे ठेवले तर ते बाजूला सारतात. ही आकृती मात्र त्यांनी रंगांवरून लगेच वाचली. धुळ्यापासून बोट ठेवून एकेक गाव म्हणत ते सोलापूरपर्यंत आले. मग बोट उचलून परत चाळीसगाव आणि कन्नड यांच्यामध्ये ठेवले आणि म्हणाले, "सगळं बराबर हाय. पर हितला घाट कुटं गेला?"

मी सांगितले की अशा आकृतीत चढउतार दाखवीत नाहीत. त्यावर ते म्हणाले, "मग ही कागदं घिऊन नवा डायवर निघाला, तर रातच्याला घाटात जाऊन अडकंल की. सरळ रेघ बघून भरलेली गाडी कोन हळू घेतंय?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यानंतर आकृतीतील आणखी दोष दिसू लागले. सातारा ते कराड सुमारे पन्नास किलोमीटर, तर अकोला ते अमरावती जवळजवळ त्याच्या दुप्पट. माझ्या कागदावर दोन्ही अंतरे सारखीच होती. रेल्वेत रूळ, चढ आणि वेग यांची काळजी दुसरा कोणी वाहतो. प्रवासी नुसता बसून असतो. रस्त्यावर हा सारा भार चालकाच्या माथ्यावर असतो. शिवाय गाडी स्थानकावरच थांबते, पण रस्त्यावर कोणत्याही फाट्यावर वळता येते. म्हणून रेल्वेच्या आकृतीत जे सोडून चालते, ते रस्त्याच्या आकृतीत सोडून चालत नाही.

रेल्वेच्या बाबतीतही हे सोडणे नेहमीच चालते असे नाही. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेसाठी मासिमो विन्येली यांनी १९७२ साली केलेली आकृती दिसायला सुंदर होती. पण तिच्यात सेंट्रल पार्क हे लांबट उद्यान जवळजवळ चौकोनी झाले होते. स्थानकातून वर येऊन चालू लागणाऱ्या नागरिकांना ते पटले नाही, आणि १९७९ साली भूगोलाला अधिक धरून असलेला नकाशा तिच्या जागी आला.

मग रस्त्यांची आकृती काढूच नये काय? या प्रश्नाचे उत्तर मला फार जुन्या नकाशांत मिळाले. 'टाब्युला प्यूटिंगेरियाना' या नावाने ओळखला जाणारा रोमन रस्त्यांचा नकाशा व्हिएन्ना येथे जतन केलेला आहे. ती मध्ययुगात केलेली नक्कल आहे. सुमारे पावणेसात मीटर लांब आणि जेमतेम एक फूट रुंद अशा पट्टीवर युरोपपासून भारतापर्यंतचा प्रदेश दाबून बसविला आहे. केरळच्या किनाऱ्यावरील मुझिरिस हे बंदरही त्यात आहे. आकार पार बिघडले आहेत. पण मुक्कामांमधील अंतरे रस्त्याच्या रेषेलगत आकड्यांत लिहिलेली आहेत. रेषेची लांबी खरी नाही, म्हणून अंतर शब्दशः लिहून दिले आहे.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. जॉन ओगिल्बी यांच्या १६७५ सालच्या 'ब्रिटानिया' या ग्रंथात शंभर पानांवर रस्त्यांचे पट्टीनकाशे आहेत. प्रत्येक रस्ता फितीसारखा सरळ उलगडला आहे. त्यात चढ असेल तेथे टेकडी सुलटी काढली आहे आणि उतार असेल तेथे तीच टेकडी उलटी. अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवलेले होते!

मी आकृती पुन्हा काढली. रेषा सरळच ठेवल्या. परंतु दोन गोलांच्या मध्ये किलोमीटरचा आकडा लिहिला, घाटाच्या जागी चढाला सुलटा आणि उताराला उलटा त्रिकोण काढला, आणि मोठे फाटे छोट्या आडव्या रेघेने दाखविले. महामार्गाच्या क्रमांकाशेजारी 'आग्रा रोड', 'गोवा हायवे' अशी चालकांच्या तोंडची नावेही लिहिली. आकृती पहिल्याइतकी देखणी राहिली नाही. अण्णांनी ती बराच वेळ पाहिली आणि घाटाच्या अलीकडे आणखी एक खूण करायला सांगितली : गाडी थांबवून ब्रेक तपासण्याची जागा.

यावरून मी जो निष्कर्ष काढला तो असा. नकाशा सोपा करणे म्हणजे काहीतरी सोडणे. काय सोडावयाचे हे काढणाऱ्याच्या सोयीवर नव्हे, तर वापरणाऱ्याच्या गरजेवर ठरले पाहिजे. जे रेषेतून काढून टाकले पण प्रवासाला आवश्यक आहे, ते आकड्याने किंवा खुणेने परत दिले पाहिजे.

माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींनी आपापल्या तालुक्यातील रस्त्यांची अशी एक आकृती जरूर काढून पाहावी. काढून झाल्यावर ती गुरुजनांना दाखवावीच. परंतु त्याआधी त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या एखाद्या एस.टी. चालकाला दाखवावी आणि तो कोठे बोट ठेवून थांबतो, ते पाहावे.