शिवारातील शाळा

भिंती नाहीत, फळा नाही, घंटाही नाही. आणि विद्यार्थ्यांत कित्येक साठी उलटलेले! मुलांनो, अशीही एक शाळा असते. तिला शेतीशाळा म्हणतात. इंडोनेशियात १९८९ साली भाताच्या खाचरांत ती प्रथम भरली. महाराष्ट्रात २०१८ साली आरंभलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने विदर्भ-मराठवाड्यातील अनेक गावांत ती भरविली.

हवामान आता पालटले आहे. पाऊस एकदम कोसळतो आणि मग कित्येक दिवस तोंड दाखवीत नाही. पहिल्याच सरीवर पेरलेले बियाणे वाया जाते. दुबार पेरणीसाठी घरातला दागिना गहाण पडतो. म्हणून येथील पहिला पाठ धीराचा : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरू नये. शेजाऱ्याची तिफण चालू असता स्वतःचा हात आवरणे किती कठीण, हे शेतकऱ्याच्या लेकरांना सांगावयास नकोच!

पुढचा पाठ शेजारशेजारच्या दोन तुकड्यांत होतो. एकात सोयाबीन सपाट रानात, दुसऱ्यात रुंद वरंब्यावर. मुसळधार पावसात जादा पाणी सऱ्यांतून निघून जाते. उघडीप पडली की वरंब्यातील ओल पिकाला तारते. शेतकरी रोपे उपटून मुळे न्याहाळतात, कीड मोजतात, वाद घालतात. वाद फारच रंगला, की कोणी दोन्हीकडची मूठभर माती आणून दाबून पाहतो. जिचा लाडू वळतो, तिच्यात ओल अधिक.