पहिल्याच आठवड्यात 'भारी' कोण, 'फालतू' कोण?



नवा फायटिंग गेम आला की आठवडाभरात मुलांची यादी तयार! हा कॅरेक्टर भारी, तो फालतू. या यादीला 'टियर लिस्ट' म्हणतात. ती इतक्या लवकर खरी ठरते का?

उदाहरण पाहू. निन्टेंडोचा 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेले' हा गेम २००१ साली आला. त्यात २६ पात्रे. शीक आणि फॉक्स लवकरच वरच्या रांगेत गेले आणि आजही तिथेच आहेत. योशी हा डायनासोर मात्र तळाकडे ढकलला गेला. कारणंही खरी होती. ढाल धरलेली असताना त्याला थेट उडी मारता येत नाही. मैदानाबाहेर फेकला गेला, तर बहुतेकांकडे असते तशी वर नेणारी खास चाल त्याच्याकडे नाही. तरीही २०२२ मध्ये आम्सा या जपानी खेळाडूने योशी घेऊनच 'द बिग हाउस १०' ही मोठी स्पर्धा जिंकली. योशीची ताकद कुणी वाढवली नव्हती. ती वापरायची कशी, हे शोधायलाच वीस वर्षं लागली.

अंदाज का चुकतो?

१. सोपी, जोरदार चाल सुरुवातीला जिंकते, कारण समोरच्याला तिचं उत्तर माहीत नसतं.
२. अवघड पात्र हात बसेपर्यंत हरतच राहतं.
३. चांगले खेळाडू ठरावीक पात्रंच घेतात. बाकीच्यांची नीट परीक्षाच होत नाही.

मग लवकर काय सांगता येतं?

जे मोजता येतं ते. अशा गेममध्ये सेकंदाला साधारण ६० फ्रेम असतात. कोणती चाल किती फ्रेममध्ये लागते, किती लांब पोचते, हे पहिल्याच दिवशी मोजता येतं. म्हणून 'हे भारी आहे' हा अंदाज बऱ्याचदा टिकतो. 'हे कामाचं नाही' म्हणायला मात्र खूप वेळ द्यावा लागतो. काय दिसलं, हे आपल्याला कळतं. काय अजून सापडलेलं नाही, हे कळत नाही.

मुलांसोबत करून पाहा

मूल 'फालतू' म्हणालं की वहीत तीन उत्तरं लिहायला सांगा: किती वेळा खेळून पाहिलं? कुणाविरुद्ध? हरण्याचं कारण पात्र की सराव? महिन्याने तेच पान पुन्हा उघडा. मत बदललं असेल तर का बदललं, तेही लिहू द्या. निरीक्षण आणि मत यांतला फरक व्याख्या पाठ न करता समजतो.

आणि हो, जूनमध्ये आपणही वर्गाची अशीच एक यादी मनात करतो. 'हुशार' लवकर दिसतात. 'याला काही येत नाही' हा शेरा मात्र पहिल्या चाचणीवरून पक्का करू नका. गेममधल्या पात्राला आपला शेरा ऐकू येत नाही, मुलाला येतो.