पाषाणला रुजू होणाऱ्या भाचीस

वरणगाव, ५ जून

चि. सोनल,

संरक्षण संशोधनातल्या भरतीची सेप्टम परीक्षा पास होऊन पाषाणच्या एआरडीईत, शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत, वरिष्ठ तांत्रिक सहायक म्हणून तुझी नेमणूक झाल्याचं ताईने कळवलं. गल्लीत ती ‘पोरगी शास्त्रज्ञ झाली’ म्हणून सांगत फिरतेय. सांगू दे. तू मात्र आपलं काम ओळखून राहा. तुझी संस्था आणि आपला कारखाना यांचं नातं जुनं: इन्सास रायफलचा आराखडा एआरडीईचा, तिची ५.५६ मिमीची काडतुसं आपल्या वरणगावच्या आयुध कारखान्याची. १९६४ पासून इथली किती चुलखंडं या कारखान्यावर पेटली! २०२१ मध्ये पाटी म्युनिशन्स इंडियाची झाली, एवढंच. इथल्याच प्रूफमध्ये, म्हणजे काडतुसं झाडून तपासण्याच्या कामात, माझी सगळी नोकरी झाली, म्हणून हक्काने लिहितो.

आमच्या वेळी बार होतानाचा आतला दाब मोजायला तांब्याचा इवलासा भरीव दंडगोल असे, क्रशर. बार झाला की तो चेपायचा. मायक्रोमीटरने उरलेली लांबी घ्यायची आणि तक्त्यात दाब बघायचा. मायक्रोमीटर फार वेळ मुठीत धरला तर हाताच्या उबेनेही आकडा हलतो. तुझ्यापुढे सेन्सर आणि पडद्यावरचा आलेख असेल, पण ऊन-गारव्याचा खेळ तोच. काडतुसातली दारू तापली की जोमाने जळते, दाब चढतो. आपल्या मे महिन्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून ठरल्या तापमानाला ठेवलेली काडतुसं बाहेर काढली की लगेच झाडायची, चहा नंतर. तापल्या बॅरलमध्ये काडतूस भरून गप्पा तर मुळीच नाहीत. आणि पिन पडूनही बार झाला नाही, तर आदेशात लिहिलेला वेळ थांबल्याशिवाय बोल्टला हात लावू नकोस, साहेब कितीही घाईत असोत.

आकड्यांचं म्हणशील, तर नऊ एका ओळीत येतात आणि दहावा भलतीकडे जातो. ‘हा सोडून द्या’ म्हणणारा कुणीतरी भेटतोच. सोडायचा नाही. नोंदवहीत लिहिताना चूक झाली, तर एक रेघ मारून शेजारी सही आणि तारीख, खाडाखोड नको. तो आकडा धरायचा की नाही, हे शास्त्रज्ञ ठरवतील. पण तू लिहिलाच नाहीस, तर ते ठरवणार कशावरून? खरं सांगायचं तर सगळ्या संशोधनाची भिस्त त्या वहीवर असते.

आणि कुठल्या कामावर आहेस, हे घरी बोलू नकोस. मी विचारलं तरी सांगू नकोस.

तुझा,
मामा