नवा असिस्टंट ठेवलाय? त्याला गल्ल्यावरून पास-नापास करू नका

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण दुकानाला 'दुसरा माणूस' कधी लागतो आणि तो कसा शोधायचा ते बघितलं. दुसरा माणूस म्हणजे मालक नसताना काउंटर, पोरं आणि माल सांभाळणारा. पण तो ठेवल्यावर 'हा बरा निघाला की नाही' हे कसं ठरवायचं, तिथपर्यंत व्हिडिओ पोचलाच नाही. ते इथे सविस्तर लिहितो. उदाहरण दुकानाचं न घेता क्रिकेटचं घेतो, कारण दुकानदार आपला हिशोब कुणाला दाखवत नाही आणि क्रिकेटचा हिशोब सगळ्या देशासमोर असतो.

जुलै २०२४ मध्ये गौतम गंभीर भारतीय संघाचा मुख्य कोच झाला. त्याच्याबरोबर नवे सहाय्यक आले. आपल्या मुंबईकडून खेळलेला अभिषेक नायर आणि नेदरलँड्सचा रायन टेन डुशखाटे हे दोघे असिस्टंट कोच, आणि थोड्या दिवसांनी दक्षिण आफ्रिकेचा मॉर्ने मॉर्केल बॉलिंग कोच म्हणून. नायर आणि टेन डुशखाटे कोलकाता नाइट रायडर्समध्ये गंभीरबरोबर होते, त्याच वर्षी त्यांनी आयपीएल जिंकली होती. मॉर्केल लखनौच्या संघात त्याच्याबरोबर होता. थोडक्यात, नव्या मॅनेजरने आधीच्या दुकानातली आपली माणसं आणली. जुन्या स्टाफमधला एक जण मात्र राहिला, फिल्डिंग कोच टी. दिलीप.

आता निकाल बघा. श्रीलंकेत टी-२० मालिका ३-० जिंकली, लगेच वनडे मालिका ०-२ हरली. बांगलादेशला कसोटीत २-० हरवलं. मग न्यूझीलंड आलं. बंगळुरूत आपण ४६ धावांत ऑल आउट, पुण्यात हार, वानखेडेवर २५ धावांनी हार. घरच्या मैदानावर ०-३. त्यानंतर ऑस्ट्रेलियात १-३. सिडनीची शेवटची कसोटी ५ जानेवारी २०२५ ला संपली. त्या दिवशी ट्रेनमध्ये, चहाच्या टपरीवर, कुणालाही विचारलं असतं तरी हा सगळा कोचिंग स्टाफ नापास होता.

९ मार्च २०२५ ला दुबईत याच स्टाफच्या संघाने चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली. पाचही सामने जिंकून, आणि तेही जसप्रीत बुमराह दुखापतीमुळे संघात नसताना.

म्हणजे दोन महिन्यांपूर्वी नापास झालेली माणसं पास झाली का? दोन महिन्यांत कुणी एवढं शिकत नाही. बदलला होता तो फॉरमॅट, बदलली होती खेळपट्टी. दुबईत स्पिनर चालतात, आपल्याकडे चांगले स्पिनर होते. बाजार बदलला की गल्ला बदलतो, त्यात असिस्टंटचा वाटा किती हे गल्ला बघून कळत नाही.

आपल्याकडे हे दरवर्षी घडतं. नवरात्रीला ठेवलेला मॅनेजर दिवाळीपर्यंत हिरो होतो. कारण दिवाळी आहे! फडके रोडला दिवाळीच्या सकाळी जी गर्दी होते ती कुठल्याही मॅनेजरने जमवलेली नसते. आणि पितृपक्षात कपड्याच्या दुकानात रुजू झालेला माणूस पंधरा दिवस माशा मारतो, मालक म्हणतो, पायगुण वाईट. दोन्ही मतं बिनबुडाची.

श्रेयाचंही तसंच आहे. ऑस्ट्रेलियाच्या त्या मालिकेत बुमराहने ३२ विकेट घेतल्या, मालिकावीर ठरला. मग मॉर्केल उत्तम बॉलिंग कोच का? बुमराह मॉर्केल यायच्या आधीही बुमराहच होता. तुमच्या दुकानात पंधरा वर्षं काम करणारी एखादी ताई असते, गिऱ्हाईक तिचं नाव विचारत येतं. तिचा सेल नव्या मॅनेजरच्या नावावर धरू नका. उलट बाजूही बघा. त्याच मालिकेत विराट कोहली ऑफ स्टंपच्या बाहेरच्या बॉलवर पुन्हा पुन्हा कॅच देऊन आउट झाला. एवढ्या मोठ्या खेळाडूला 'हा फटका बंद कर' असं सांगायचा अधिकार असिस्टंट कोचला कितपत असणार? ज्या गोष्टीचा अधिकार दिला नाही तिचा जाब विचारता येत नाही. तुम्ही मॅनेजरला डिस्काउंट द्यायचा अधिकार दिला नसेल तर 'गिऱ्हाईक घासाघीस करून निघून गेलं' हे त्याच्या खात्यात टाकू नका.

मग बघायचं काय?

माझ्या मते सगळा घोळ हुद्द्यापासून सुरू होतो. मॉर्केल बॉलिंग कोच, दिलीप फिल्डिंग कोच. काम नावातच आहे. नायर आणि टेन डुशखाटे मात्र नुसतेच 'असिस्टंट कोच'. सुरुवातीला बॅटिंग कोच असा वेगळा माणूसच नव्हता. बॅट्समन गडगडले तेव्हा लोकांची बोटं नायरकडे वळली. जानेवारी २०२५ मध्ये सौराष्ट्रचा सितांशू कोटक बॅटिंग कोच म्हणून आला. आता एकाच कामावर दोन माणसं झाली. एप्रिलमध्ये नायरला जावं लागलं. वर्षही पूर्ण झालं नव्हतं, आणि चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकून महिनाच उलटला होता.

पुढचं ऐका. तो लगेच केकेआरमध्ये परतला. त्या मोसमात केकेआरचा कॅप्टन होता आपल्या डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे. २० एप्रिलला वानखेडेवर रोहित शर्माने चेन्नईविरुद्ध नाबाद ७६ केल्या आणि सोशल मीडियावर जाहीरपणे नायरचे आभार मानले. के. एल. राहुलनेही त्याच आयपीएलमध्ये आपल्या खेळातल्या सुधारणेचं श्रेय नायरला दिलं. केकेआर त्या वर्षी आठव्या नंबरवर राहिली, तरी ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी नायरला मुख्य कोच केलं. संघ आठवा आणि असिस्टंटला बढती! म्हणजे त्यांनी टेबल बघून ठरवलं नाही, माणसाचं काम बघितलं. निर्णय बरोबर ठरेल की नाही हा वेगळा विषय, पण बघण्याची पद्धत मला पटते.

म्हणून 'असिस्टंट मॅनेजर' हा हुद्दा दुकानात ठेवू नका, असंच मी माझ्या बॅचमध्ये सांगतो. ठेवायचाच असेल तर त्याखाली एक वाक्य लिहा. 'सकाळी दहा ते रात्री नऊ दुकान सांभाळणे' हे वाक्य नव्हे, ती वॉचमनची ड्युटी झाली. 'दुकानात आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाणार नाही हे बघणे', हे वाक्य. किंवा 'सहा महिन्यांपेक्षा जुना माल काढणे'. एका माणसाला असं एक मुख्य काम, फार तर दोन. माणूस रुजू व्हायच्या आधी हे कागदावर आलं पाहिजे. नंतर लिहिलं तर त्याचं जे जमतंय तेच तुम्ही लिहाल.

आता आकडा. समजा कल्याण पश्चिमेला तुमचं रेडीमेडचं दुकान आहे. मॅनेजर यायच्या आधी दोन आठवडे दारात एक वही ठेवा. किती जण आत आले आणि किती बिलं फाटली. समजा रोज ६० जण येतात आणि २१ जण घेतात, म्हणजे शंभरात ३५. ही तुमची सुरुवातीची रेघ. तीन महिन्यांनी सण नसलेल्या दोन आठवड्यांत परत मोजा. शंभरात ३५ चे ४० झाले तर माणूस काम करतोय, मग बाहेर मंदी असो की तेजी. कारण दारात किती लोक येतात हे बाजाराच्या हातात असतं, आलेल्यातले किती घेतात हे बरंचसं काउंटरवर ठरतं. त्या पाच टक्क्यांचे पैसेही काढून बघा. रोज ६० गिऱ्हाइकांत तीन बिलं वाढली, सरासरी बिल ८०० चं धरलं, तर दिवसाला २,४००, आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर ६२,४०० चा सेल. त्यावर मार्जिन २५ टक्के असेल तर १५,६०० सुटतात. त्या माणसाचा पगार २२,००० असेल तर नुसत्या या कामावर तो अजून पगार काढत नाहीये. जुन्या मालाचं काम, तुमचा वाचलेला वेळ, हे धरून काढत असेल. हे गणित कागदावर आलं की 'माणूस चांगला आहे हो' आणि 'काही कामाचा नाही' या दोन्ही गप्पा बंद होतात.

दुसरी वही तक्रारींची. एकूण किती तक्रारी आल्या ते मोजू नका, तीच तक्रार परत आली का ते बघा. 'साइज नाही', 'अल्टरेशनला उशीर', 'बिलाला रांग'. पहिल्या महिन्यात अल्टरेशनच्या सात तक्रारी असतील तर हरकत नाही, नवा माणूस आहे. तिसऱ्या महिन्यातही अल्टरेशनच असेल तर त्याला बसवून बोला.

हाताखालच्या पोरांना विचारायचं का? विचारायचं, पण प्रश्न नीट पाहिजे. 'साहेब कसे आहेत?' विचारलंत तर जो उशिरा येऊ देतो, उचल लवकर देतो, तो चांगलाच असणार. 'त्यांच्याकडून काय शिकलास, करून दाखव' असं म्हणा. पोरगा साडी घडी घालून दाखवेल, नाहीतर डोकं खाजवेल. दिलीपचं इथे उदाहरण घ्यावंसं वाटतं. २०२३ च्या वनडे वर्ल्ड कपमध्ये त्याने ड्रेसिंग रूममध्ये दर सामन्याला बेस्ट फिल्डरचं मेडल सुरू केलं. पहिलं कोहलीला मिळालं. एक पैसा जास्त खर्च नाही, पण फिल्डिंगसारख्या दुर्लक्षित कामाकडे सगळे बघायला लागले, मोठे खेळाडूही. असं काही तुमच्या असिस्टंटने स्वतःहून सुरू केलंय का, हे नव्वद दिवसांत एकदा तरी दिसलं पाहिजे.

हजेरीबद्दल एक बारीक गोष्ट. बदलापूर, टिटवाळ्याहून येणाऱ्या माणसाचा रविवारचा लेट मार्क मोजताना मेगाब्लॉक वजा करा. आपला धंदा रविवारी, आणि ब्लॉकही रविवारी. त्याने आदल्या दिवशी ब्लॉक बघून कुणाला लवकर बोलावून ठेवलं होतं का, एवढं विचारा. ते केलं असेल तर तो उशिरा येऊनही पास.

मॅनेजर आपली माणसं घेऊन येतो म्हणाला तर? येऊ द्या. ओळखीची माणसं असली की पहिला महिना समजावण्यात जात नाही. मात्र स्टॉक आणि कॅश यांपैकी एक जागा तुमच्या जुन्या माणसाकडे ठेवा, दिलीपसारखी. चोरीच्या भीतीने नव्हे. सगळेच एका घरचे असले की 'हे आपल्याकडे चालत नाही' म्हणणारा कुणी उरत नाही, आणि कल्याणच्या गिऱ्हाइकाला ठाण्याचं डिस्प्ले दाखवून सहा महिने वाया जातात.

मुदत किती द्यायची? मी तीस, साठ आणि नव्वद दिवसांनी बसतो. तिसाव्या दिवशी फक्त ऐकायचं, साठाव्या दिवशी आकडे दाखवायचे, नव्वदाव्या दिवशी निर्णय. त्यात एक सणाचा आणि एक मंदीचा पट्टा आलाच पाहिजे. नसेल आला तर महिनाभर वाढवा, आणि तसं त्याला सांगून वाढवा.

नाही जमलं तर हिशोब त्याच दिवशी पूर्ण करा, राहिलेली सुट्टी धरून. आणि दोन ओळी लिहून ठेवा की काय दिलं होतं आणि काय झालं नाही. तोच माणूस उद्या समोरच्या दुकानात उभा राहील आणि तिथे चालेलही. तेव्हा ती वही काढून बघा. काम चुकीचं दिलं होतं की माणूस, ते तिथे सापडतं.

पुढच्या व्हिडिओत या माणसाचा पगार किती फिक्स ठेवायचा आणि किती इन्सेन्टिव्ह, ते बघू. तोवर दारातली वही सुरू करा आणि दोन आठवड्यांचे आकडे घेऊनच बसा.