कटुवीरा : जातिभेद आणि कार्यकारी घटक

मिरची मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती सोळाव्या शतकात भारतात आली. म्हणून बृहत्त्रयीत तिचा उल्लेख नाही. उत्तरकालीन द्रव्यगुणविचारात ती ‘कटुवीरा’ या नावाने स्थिरावली. कटु रस, उष्ण वीर्य, दीपन, कफवातघ्न व पित्तकर हे तिचे वर्णन यथार्थच आहे; परंतु बाजारातील सर्व मिरच्या एकच द्रव्य मानून औषधात योजल्यास मात्रेचा अंदाज चुकतो. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचा विचार करावयाचा आहे.

तीक्ष्णता

मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन व डायहायड्रोकॅप्सेसिन या दोन घटकांवर मुख्यत्वे अवलंबून असतो. ते बियांत नव्हे, तर बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात तयार होतात. तिखटपणा मोजण्याची पद्धत विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये सुचविली. शुद्ध कॅप्सेसिनचे मान सुमारे १६० लाख एकक धरले जाते. ढोबळी मिरचीचे मान शून्य, ब्याडगीचे सामान्यतः १५ हजारांच्या आत, गुंटूर सन्नमचे ३५ ते ४० हजार, तर ईशान्य भारतातील नाग मिरचीचे १० लाखांपर्यंत जाते. पहिल्या तिन्ही मिरच्या वनस्पतिशास्त्रानुसार कॅप्सिकम ॲन्युअम या एकाच जातीच्या आहेत, हे लक्षात घ्यावे.

या आकड्यांचा व्यवहारातील अर्थ असा : १० ग्रॅम सन्नम चूर्णात तीक्ष्ण घटक सुमारे २२ मिलिग्रॅम असतील, तर तेवढ्याच ब्याडगीत १० मिलिग्रॅमहून कमी आणि अतितीक्ष्ण नाग मिरचीत ६०० मिलिग्रॅमपर्यंत. संधिशूलावरील लेपात एका मिरचीऐवजी दुसरी पडली, तर लेप निष्प्रभ ठरेल किंवा रुग्णाच्या त्वचेचा दाह होईल. पाश्चात्त्य वैद्यकात वेदनाशामक मलमांत कॅप्सेसिन ०.०२५ ते ०.०७५ टक्के इतक्या अल्प प्रमाणात वापरतात, यावरून मात्रेचे महत्त्व ध्यानी येईल.

वर्ण

लालपणा व तिखटपणा यांचा परस्परसंबंध नाही. लाल वर्ण कॅप्सँथिन व कॅप्सोरुबिन या कॅरोटिनॉइड घटकांचा असतो. ब्याडगीत ते विपुल, सन्नममध्ये त्या मानाने कमी. म्हणजे जी अधिक लाल ती अधिक तीक्ष्ण, हा समज निराधार आहे. केवळ रंग पाहून खरेदी करणाऱ्याची फसवणूक होण्याचा धोकाही असतो. २००३ मध्ये युरोपात भारतीय मिरचीच्या मालात सुदान हा निषिद्ध रंग आढळला होता.

क जीवनसत्त्व

हंगेरीतील सेगेद येथे आल्बेर्ट सेंट-ग्योर्गी यांनी १९३० च्या दशकात तेथील पाप्रिका मिरचीतून क जीवनसत्त्व विपुल प्रमाणात मिळविले. १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. मात्र हा गुण ताज्या फळाचा. वाळविताना व साठविताना क जीवनसत्त्वाचा बराच नाश होतो. प्रकाश व हवा यांमुळे रंगही फिका पडतो. चूर्णात ही क्रिया अधिक वेगाने होते. तिखट घटक त्या मानाने टिकाऊ असतात.

व्यवहारातील नियम

चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधी द्रव्याच्या देश, काल, गुण व भाजन या संपदांचा विचार सांगितला आहे. तो येथे तंतोतंत लागू पडतो. औषधनिर्मात्यांनी पुढील दक्षता घ्यावी :

१. खरेदीच्या नोंदीत केवळ ‘लाल मिरची’ न लिहिता वाण, प्रदेश व हंगाम लिहावा.

२. कल्पासाठी एकच वाण निश्चित करून प्रत्येक खेपेतील कॅप्सेसिनचे प्रमाण प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. एकाच वाणातही जमीन व पाणी यांनुसार ते बदलते.

३. गाभा काढायचा की ठेवायचा, हे ठरवून प्रत्येक वेळी तीच पद्धत ठेवावी.

४. मिरची अखंड, कोरडी व अंधारात साठवावी. चूर्ण आवश्यकतेपुरतेच करावे.

चिकित्सकांनीही पित्तप्रकृती, अम्लपित्त व रक्तार्श यांत मिरची वर्ज्य सांगताना रुग्ण घरी कोणती मिरची खातो, हे विचारावे. ब्याडगीची चमचाभर पूड आणि सन्नमची चमचाभर पूड यांचे पथ्यापथ्य समान मानता येणार नाही.