उन्हाचे वावडे

कोणाला वांगी खाल्ली की खाज सुटते, तर कोणाला धुळीने शिंका येतात. त्या वस्तूचे त्याला वावडे आहे, असे आपण म्हणतो. पण एखाद्या वस्तूचे वावडे फक्त उन्हात गेल्यावरच जाणवले तर?

१९६० च्या सुमारास इंग्लंडमध्ये असेच घडले. काही लोकांचे चेहरे व हात लाल होऊन खाजू लागले. डॉ. विल्किन्सन यांनी १९६१ मध्ये त्याचे कारण दाखवून दिले. त्या लोकांच्या साबणात जंतू मारणारे एक रसायन होते. त्वचेवर राहिलेल्या या रसायनाला ऊन लागले की त्रास सुरू होई.

असे का होते? सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. काही रसायने हे किरण शोषून घेतात व त्यांचे रूप बदलते. मग ती त्वचेतील प्रथिनांना चिकटतात. अशी प्रथिने शरीराला परकी वाटतात.

आपल्या त्वचेत लँगरहॅन्स पेशी नावाचे पहारेकरी असतात. पॉल लँगरहॅन्स या जर्मन तरुणाने वैद्यकीचे शिक्षण घेत असतानाच, १८६८ मध्ये, त्यांचे वर्णन केले. त्याला त्या मज्जापेशी वाटल्या होत्या. त्यांचे खरे काम पुढे कितीतरी वर्षांनी कळले. या पेशी परक्या प्रथिनाचा तुकडा घेऊन जवळच्या लसिका ग्रंथीत जातात आणि तेथील टी पेशींना तो दाखवतात. त्याला ओळखणाऱ्या टी पेशींची संख्या वाढते. त्यांपैकी काही पेशी ही ओळख कायम लक्षात ठेवतात.

या तयारीला काही दिवस लागतात. म्हणून पहिल्या वेळी बहुधा काहीच होत नाही. पुढे तेच रसायन आणि ऊन एकत्र आले, की टी पेशी त्वचेकडे धाव घेतात. एक-दोन दिवसांत त्वचा लाल होते, खाजते, कधी फोडही येतात. तोपर्यंत आपण काय लावले होते, हे माणूस विसरून गेलेला असतो!

मग गुन्हेगार कसा सापडतो? डॉक्टर रोग्याच्या पाठीवर त्याच त्या पदार्थांच्या पट्ट्या दोन ओळींत लावतात. एका ओळीला अतिनील प्रकाश देतात, दुसरी झाकून ठेवतात. फक्त प्रकाश दिलेली जागा लाल झाली, तर दोष त्या पदार्थाचा आणि उन्हाचा मिळून असतो.

आजही वेदना कमी करणाऱ्या केटोप्रोफेनच्या मलमाने काहींना असा त्रास होतो. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय मलम लावू नका. खिडकीच्या काचेतूनही हे किरण आत येतात, हे लक्षात ठेवा. लस घेतल्यावर आपले रक्षण करते ती शरीराची आठवणच. येथे मात्र तीच आठवण आपल्याला त्रास देते.

शब्दार्थ
वावडे – न मानवणे
परका – बाहेरचा, अनोळखी

स्वाध्याय
१. पहिल्या वेळी त्रास का होत नाही?
२. पट्ट्यांची एक ओळ झाकून का ठेवतात?
३. लँगरहॅन्स पेशींना पहारेकरी का म्हटले आहे?