आम्ल पाऊस, पिवळी सोयाबीन आणि पांढऱ्या पावडरच्या गोण्या



या वेळचा पाठ माझ्याच एका चुकीपासून सुरू करते. ५ जूनला पर्यावरण दिनाच्या बैठकीत मी फळ्यावर चित्र काढून सांगितलं होतं, की वीज केंद्राचा धूर आभाळात जातो, आम्ल पाऊस होऊन खाली येतो आणि पिकं खराब होतात. तुम्ही टाळ्या वाजवल्या, मी खूश होऊन घरी गेले.

जुलैमध्ये आपल्या एका गावात सोयाबीन पिवळी पडली. त्याच आठवड्यात एक विक्रेता गाडीत गोण्या भरून आला. म्हणाला, "तुमच्याकडं धुराडी आहेत. आम्ल पावसानं जमीन आंबट झाली. ही पावडर टाका, जमीन गोड होईल." गोणीला ८५० रुपये आणि एकरी चार गोण्या. बारा जणींनी एकेका एकरासाठी घ्यायचं ठरवलं. म्हणजे ४०,८०० रुपये, तेही गटाच्या अंतर्गत कर्जातून. एका काकूंना शंका आली, तर बाकीच्या म्हणाल्या, "आम्ल पावसाचं तं मॅडमनंच सांगतलं होतं ना!"

नशीब, की सचिवताईंनी सही करण्याआधी मला फोन केला. "ताई, ठराव लिहून झाला. बराबर हाय का तेवढं सांगा." खरं सांगते, मला उत्तर येत नव्हतं. मी समाजकार्य शिकले, रसायनशास्त्र दहावीलाच सुटलं. "दोन दिवस थांबा," एवढंच बोलले. मग शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडे, कृषी सहायकांकडे आणि पुस्तकांकडे गेले. जे कळलं, ते इथं लिहिते.

आंबट म्हणजे किती आंबट?

लिंबू, चिंच, दही हे आंबट पदार्थ आम्ल. चुना, साबण, धुण्याचा सोडा हे त्याच्या उलट, त्यांना शाळेच्या पुस्तकात आम्लारी म्हणतात. दोन्ही एकत्र आले की एकमेकांचा जोर मोडतात. हे मोजायची पट्टी म्हणजे सामू. मृदा आरोग्य पत्रिकेवर हा शब्द तुम्ही पाहिला असेल. सामू ० ते १४ असा मोजतात. ७ म्हणजे मधोमध. ७ च्या खाली आम्ल, वर आम्लारी. लिंबाचा सामू २ च्या आसपास असतो, चुन्याच्या निवळीचा १२ च्या.

यात एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. सामू एका अंकानं उतरला की आंबटपणा दहा पटीनं वाढतो. दोन अंकांनी उतरला तर शंभर पट. म्हणून ५ आणि ४ यांत "एकाचाच तर फरक आहे" असं म्हणायचं नाही.

आणि मला धक्का देणारी गोष्ट ही, की स्वच्छ पाऊससुद्धा थोडा आंबट असतो. हवेत आपण श्वासातून सोडतो तो कार्बन डायऑक्साइड असतो. तो थेंबात विरघळला की सोडावॉटरमध्ये असतं तेच कर्बाम्ल तयार होतं, अगदी थोडंसं. त्यामुळे प्रदूषण नसलेल्या पावसाचा सामूही साधारण ५.६ असतो. त्याहून बराच खाली गेला, ४ ते ५ वर आला, की त्याला आम्ल पाऊस म्हणतात.

कोळशाचा हिशेब

आता धुराकडे येऊ. कोळशात गंधक असतं. काडेपेटीची काडी ओढल्यावर नाकात जो झणका जातो, तो जळत्या गंधकाचाच. गंधक जळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि सल्फर डायऑक्साइड नावाचा वायू होतो. हा वायू हवेत आणि ढगात ऊन, प्राणवायू, पाणी यांच्या साथीनं बदलत जातो आणि शेवटी गंधकाम्ल होतं. बॅटरीत घालतात तेच ॲसिड, पण खूप पातळ.

दुसरा रस्ता नायट्रोजनचा. हवेचे जवळजवळ चार हिस्से नायट्रोजन आणि एक हिस्सा प्राणवायू. एरवी हे दोघं शेजारी राहूनही एकमेकांशी बोलत नाहीत. पण बॉयलरच्या भट्टीत किंवा गाडीच्या इंजिनात फार मोठी उष्णता मिळाली की ते जुळतात, आणि पुढे त्यांचं नायट्रिक आम्ल होतं. म्हणजे ट्रक आणि ट्रॅक्टरच्या धुराचाही यात वाटा आहे.

आपण बायका हिशेबाच्या पक्क्या, म्हणून आकडे मांडू. आपल्या देशातल्या कोळशात राख खूप, पण गंधक कमी, बहुतेक अर्धा टक्क्याच्या आसपास. १,००० किलो कोळशात ५ किलो गंधक. जळताना ते जवळपास स्वतःच्या वजनाइतकाच प्राणवायू घेतं, म्हणून वायू होतो १० किलो. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण ताकदीनं चालला तर दिवसाला साधारण ७,००० टन कोळसा खातो. त्यातून दिवसाला ७० टनांच्या आसपास सल्फर डायऑक्साइड. गंधक अर्धा टक्काच, पण कोळसाच इतका जळतो की बेरीज मोठी होते.

पर्यावरण दिन आणि स्वीडनचे तलाव

"आम्ल पाऊस" हा शब्द जुना आहे. इंग्लंडमधल्या मँचेस्टरला कापडगिरण्यांसाठी ढीगभर कोळसा जळायचा. तिथं रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञानं पावसाचं पाणी तपासलं आणि १८७२ साली त्यावर पुस्तक लिहिलं.

पुढे शंभर वर्षांनी स्वीडन आणि नॉर्वेमधले तलाव मासे नसलेले होऊ लागले. पाणी काचेसारखं स्वच्छ, पण आत जीव नाही. स्वांते ओदेन या स्वीडनच्या शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात दाखवून दिलं, की हे आम्ल मोठ्या प्रमाणात इंग्लंड आणि मध्य युरोपच्या धुराड्यांतून वाऱ्यावर येतंय. गावाला त्रास नको म्हणून धुराडी उंच केली होती. गावचा त्रास कमी झाला, पण धूर परदेशी गेला. आम्ल पाण्यानं मातीतलं ॲल्युमिनियम सुटून तलावात उतरत होतं, ते माशांच्या कल्ल्यांवर बसून त्यांचा श्वास कोंडत होतं.

५ जून १९७२ ला स्वीडनच्याच राजधानीत, स्टॉकहोमला, संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद सुरू झाली. तिथं स्वीडननं हा प्रश्न मांडला. आपण ५ जूनला पर्यावरण दिन करतो, तो त्याच परिषदेच्या आठवणीत. १९७९ मध्ये देशांचा करार झाला, गंधकाचा धूर कमी केला गेला, आणि तिथला पाऊस हळूहळू सुधारला. सुधारतो, हे ध्यानात ठेवा.

पाऊस तोच, जमीन वेगळी

आता आपल्या सोयाबीनकडे या. स्वीडनच्या त्या भागात खाली ग्रॅनाइटचा कडक खडक आणि वर मातीचा पातळ थर. आम्लाचा जोर मोडायला त्या मातीत चुना जवळजवळ नाही. म्हणून तलाव मेले, आणि म्हणूनच तिथल्या सरकारनं तलावांत चुनखडीची पूड टाकली. तिथं ते औषध बरोबर होतं.

आपली जमीन काळी. वावरात पांढरे चुनखडीचे खडे सापडतात ना? एक खडा धुऊन त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येतील. आम्ल आणि चुनखडी एकमेकांना संपवतात, त्याचा तो फेस. थोडंफार आम्ल पावसातून आलंच, तर आपली जमीन ते असंच पचवते. हवेतली धूळही मदत करते. आपल्याकडच्या धुळीत चुन्याचा अंश असतो, त्यामुळे ढगातलं काही आम्ल वाटेतच मोडतं. पण निर्धास्त राहू नका. देशात बऱ्याच ठिकाणी पावसाचा सामू गेल्या काही दशकांत हळूहळू उतरत आला आहे.

आम्ही त्या गावातल्या तीन वावरांची माती तपासायला दिली. सामू आला ७.९, ८.१ आणि ८.२. जमीन आंबट नव्हतीच, उलट चुन्याकडे झुकलेली होती. कृषी सहायकांनी पानं पाहिली. नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या. म्हणाले, "हे लोह कमी पडल्याचं लक्षण." चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण पिकाला उचलता येत नाही. त्यात पाणी साचलं की आणखी बिघडतं. आणि गोणीवर बारीक अक्षरात काय लिहिलं होतं? कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे चुनखडीच! ज्या जमिनीला चुना आधीच जास्त झालाय, तिला आणखी चुना. पैसे गेले असते आणि पीक जास्त पिवळं झालं असतं.

पावडर वाईट नाही. कोकणातल्या तांबड्या, आम्ल जमिनीत चुना घालायचा सल्ला देतातच. चूक होती ती न तपासता घेण्यात. ठराव रद्द झाला. वावरात साचलेलं पाणी काढलं आणि कृषी सहायकांनी सांगितलेली लोहाची फवारणी केली. खर्च गोण्यांच्या मानानं फारच कमी आला. त्या शंका काढणाऱ्या काकू म्हणाल्या, "पाह्य, मी म्हणत होती का नाही!" त्यांचं नाव मी इतिवृत्तात मुद्दाम लिहायला लावलं.

मग धुराचं काही नाही का?

आहे, आणि ते मी जूनमध्ये सांगायला हवं होतं. जमिनीत चुनखडी आहे, आपल्या छातीत नाही. सल्फर डायऑक्साइड थेट श्वासातून जातो. दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना तो जास्त लागतो. त्यापासून हवेत बनणारे बारीक कण फुप्फुसात खोल जातात. म्हणून धुराचा प्रश्न पिकाआधी दवाखान्याचा आहे.

उपायही आहे, आणि गंमत म्हणजे तोही चुनखडीचाच. धुराड्यात जाण्याआधी धूर चुनखडीच्या पाण्याच्या फवाऱ्यातून न्यायचा. गंधकाचा वायू तिथंच अडकतो आणि जिप्सम तयार होतं, जे सिमेंटला लागतं. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारनं कोळशाच्या वीज केंद्रांसाठी या वायूची मर्यादा ठरवली. पुढे मुदत वारंवार वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये बऱ्याच केंद्रांना त्यातून सूट मिळाली. ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघेल तेव्हा हे विचारायला आपल्याला माहीत असलं पाहिजे. चुनखडी कुठं टाकायची? आपल्या वावरात नाही, धुराड्याच्या वाटेत.

पुढच्या बैठकीत करून पाहा

१. कागदाला हळदीचं पाणी लावून वाळवा. त्यावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाका. लाल होईल, कुंकवासारखा. त्याच डागावर लिंबू पिळा. पुन्हा पिवळा. आम्लानं चुन्याचा जोर मोडला. (हळद फक्त आम्लारी दाखवते. पावसाचा आंबटपणा तिनं कळत नाही, त्याला सामू कागद लागतो.)

२. वावरातल्या चुनखडीच्या खड्यावर लिंबू पिळा आणि बुडबुडे पाहा.

३. मातीचा नमुना घ्या. झाडाखालची, बांधाजवळची, खताच्या ढिगाजवळची जागा सोडा. वावरात आठ-दहा ठिकाणी वीत-वीतभर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करून कडेची माती घ्या. सगळी मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. सावलीत वाळवून, नाव-गट नंबर लिहून कृषी सहायकांकडे द्या.

४. चर्चा करा: जमिनीच्या औषधासाठी कर्ज मागितलं, तर अर्जाला मृदा आरोग्य पत्रिका जोडायची असा नियम आपल्या गटात करायचा का? त्या गावानं केला आहे.

आणि हो, मी काही सांगितलं आणि शंका आली तर विचारा. "मॅडमनं सांगितलं" हा पुरावा धरू नका.

तुमची,
क्षेत्र समन्वयक